डाव परत लावणे

रात्री साडेअकराला मी हरलो, आणि का हरलो हे मला पक्कं माहीत होतं. तेहतिसाव्या मिनिटाला टेकडीखाली लढाई झाली, तिथे माझे सोळा नाइट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, समोरच्याच्या भालेवाल्यांच्या अंगावर गेले. भाल्यांवर घोडे घालू नयेत हे 'एज ऑफ एम्पायर्स' हा राज्य उभारून लढायचा संगणकावरचा खेळ पहिल्यांदा खेळणाऱ्या पोरालाही दुसऱ्या दिवशी कळतं. मला तर वीस वर्षं कळतंय. तरी घातले. मागे त्याचे क्रॉसबोवाले उभे होते, त्यांच्यापर्यंत पोचायचं होतं, मधे भाले आले, खेळ खलास. मी 'जीजी', म्हणजे 'गुड गेम', टाइप करून हार मानली. त्यानं उत्तरादाखल ११ पाठवलं. या खेळात ११ आकडा पाठवला की एक माणूस खदाखदा हसल्याचा आवाज येतो. हरल्यावर ते हसणं हेडफोनमधून थेट कानात पडतं, तेव्हा माणूस आपल्या वयाचा, पगाराचा आणि एकूण आयुष्याचाच विचार करू लागतो. बायको आणि मुलगी जाग्या होणार नाहीत अशा बेतानं मी खुर्ची मागे सरकवली आणि पाणी प्यायला गेलो.

ग्लास संपेपर्यंत माझा निकाल तयार होता. एक लढाई चुकली, बाकी मी चांगलं खेळलो.

त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. पण ते कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

मी चाळिशी ओलांडलेला माणूस आहे. होस्टेलवर आम्ही हा खेळ खेळायचो तो 'द कॉन्करर्स', म्हणजे त्याची सन 2000 मधली आवृत्ती. वर्गणी काढून एक स्विच घेतलेला, खिडक्यांच्या गजांतून ओढलेली लॅनची वायर, आणि ज्याच्या माउसमधला बॉल नीट फिरतो तो नशीबवान. नियम एकच: वीस मिनिटं नो रश. म्हणजे पहिली वीस मिनिटं कुणी कुणावर चाल करायची नाही. ब्लॅक फॉरेस्टचा नकाशा, चौघे इकडे, चौघे तिकडे, जो तो आपल्या जंगलात शेती करतोय, किल्ले बांधतोय. विसाव्या मिनिटाला कुणीतरी शेजारच्या खोलीतून ओरडायचं, 'चला रे!' मग दीड तास धुमश्चक्री. एखादा नतद्रष्ट 'हाऊ डू यू टर्न धिस ऑन' टाइप करून मध्ययुगात कोब्रा मोटारी उतरवायचा, की खोल्याखोल्यांतून शिव्या.

त्या खेळात मी हरत नसे. क्वचित हरलो तर कारण हाताशी असे. माउस अडकला, पार्टनरनं दगा दिला, किंवा भारनियमन. भारनियमनाइतकं सोयीचं कारण पुन्हा आयुष्यात मिळालं नाही. मी जिंकायच्या बेतात असतानाच वीज जायची, असं माझं तेव्हा प्रामाणिक मत होतं. डाव संपला की सगळे मेसकडे पळायचे. कोण कुठे चुकलं हे पाहायची पद्धतच नव्हती, आणि पाहायचं कशाला? मी जिंकतच होतो की.

2019 च्या नोव्हेंबरात या खेळाची 'डेफिनिटिव्ह एडिशन' ही नवी आवृत्ती आली आणि चार महिन्यांत घरात बसायची वेळ आली. मी ती घेतली, ऑनलाइन उतरलो. सगळ्यांना सुरुवातीला 1000 गुण मिळतात. पहिल्या दहांतले नऊ डाव मी हरलो आणि घसरत घसरत साडेसातशेच्या आसपास जाऊन टेकलो. इथं वीस मिनिटं थांबायचं असतं हे समोरच्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. नवव्या मिनिटाला त्यांचे घोडे माझ्या लाकूडतोड्यांत घुसलेले असायचे. होस्टेलचा अजिंक्य वीर म्हणजे आठ जणांच्या डबक्यातला बेडूक होता, इतकाच त्याचा अर्थ.

गुणांची ही पद्धत मुळात बुद्धिबळातली. अर्पाद एलो नावाचे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक होते, त्यांनी ती बसवली. 1970 मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघानं ती स्वीकारली. दोघांच्या गुणांतल्या फरकावरून कोण किती वेळा जिंकेल याचा अंदाज निघतो. समोरचा 200 गुणांनी वर असेल तर शंभर डावांत साधारण 24 तुमचे. 400 नी वर असेल तर नऊ. जिंकलात की वर सरकता, मग आणखी तगडा माणूस समोर येतो. हरलात की खाली, मग जरा सोपा. गंमत अशी की ही पद्धत नीट चालली तर तुम्ही कितीही सुधारा, निम्मे डाव हरणारच. साडेसातशेवर मी निम्मे हरत होतो, आज अकराशेच्या अलीकडे-पलीकडे आहे तरी निम्मेच हरतो. मधल्या काळात फक्त मला हरवणारी माणसं बदलली. हे ध्यानात यायला मला दीड वर्ष लागलं, आणि तोवर प्रत्येक हार ही आपल्यावर झालेला अन्याय आहे अशाच थाटात मी वावरत होतो.

तर ती रात्र. समोरच्याचे गुण 1240, माझे 1080. नकाशा अरेबिया, म्हणजे मोकळं माळरान, लपायला जागा नाही. मी फ्रँक्स घेतले होते. फ्रँक्सचे घोडेस्वार इतरांपेक्षा वीस टक्के जास्त जीव घेऊन येतात आणि शेतीच्या सुधारणा त्यांना फुकट मिळतात. माझ्यासारख्या आळशी माणसाला याहून चांगलं राज्य नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुलगी चित्रकलेच्या क्लासला गेली आणि मी आदल्या रात्रीच्या डावाची नोंद उघडली. प्रत्येक डाव आपोआप साठवला जातो, तो पुन्हा पाहता येतो, वेग वाढवून पुढे नेता येतो. इतकी वर्षं ही सोय माझ्यासमोर होती. मी ती जिंकलेल्या डावांसाठी वापरत असे, तीही शेवटची पाच मिनिटं पाहायला.

लढाईपर्यंत जायचं म्हणून मी वेग वाढवणार होतो. पण चहा गरम होता, घाई नव्हती, म्हणून पहिल्या मिनिटापासून चालू दिलं.

या खेळात पहिली पंधरा मिनिटं टाऊन सेंटरमधून, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीतून, एकापाठोपाठ एक व्हिलेजर काढायचे असतात. होस्टेलवर आम्ही त्यांना सरळ 'गडी' म्हणायचो, मीही तेच म्हणतो. एक गडी 50 अन्नाला पडतो आणि तयार व्हायला 25 सेकंद लागतात. टाऊन सेंटर क्षणभरही रिकामं ठेवायचं नाही, हा या खेळाचा ओनामा. मला तो पाठ होता. कुणी विचारलं असतं तर मी त्यावर तासभर बोललो असतो. आणि पडद्यावर काय दिसत होतं? मी माझ्या टेहळणीच्या घोड्याला नकाशाभर मिरवत होतो आणि टाऊन सेंटर गप्प बसलं होतं. पुढे रानडुक्कर आणायला एक गडी पाठवला, त्याच्यावर डोळा ठेवला, टाऊन सेंटर पुन्हा गप्प. घरं बांधायला विसरलो, म्हणून नवी माणसं येईनात. ते अर्धं मिनिट तर मी चक्क मेंढ्या मोजत होतो. मी मुलीच्या वहीचा एक कागद घेतला आणि मोबाइलचं घड्याळ लावून बेरीज करत बसलो. पहिल्या पंधरा मिनिटांत, युग बदलायचा वेळ (तेव्हा गडी काढताच येत नाहीत) सोडून, माझं टाऊन सेंटर दोन मिनिटं पाच सेकंद रिकामं होतं. त्याचं वीस सेकंद.

फरक 105 सेकंदांचा, म्हणजे चार गडी. चार माणसांनी काय होतं? एक गडी मिनिटाला ढोबळमानानं वीस एकक काहीतरी गोळा करतो: अन्न, लाकूड, सोनं. चार जणांचे मिनिटाला ऐंशी. पुढची पंचवीस मिनिटं धरली तर दोन हजार. एक नाइट पडतो 60 अन्न आणि 75 सोन्याला. म्हणजे टेकडीखाली माझ्याबरोबर आणखी चौदा नाइट असायला हवे होते. ते भाल्यांनी मारले नव्हते. ते जन्मालाच आले नव्हते, आणि त्यांना मी चौथ्या, सहाव्या, नवव्या मिनिटाला थोडं थोडं करून मारलं होतं.

हिशोबाचा कागद मी घडी करून खिशात ठेवला. मुलीनं त्याच्या मागच्या बाजूला फुलपाखरू काढलेलं होतं, त्यावरून नंतर बोलणी खाल्ली ती वेगळी.

ही नोंद म्हणजे नेमकी काय असते, हे मला तेव्हा नव्यानं कळलं. मी समजत होतो की तो व्हिडिओ आहे. तसं नसतं. 1997 मध्ये पहिला 'एज ऑफ एम्पायर्स' बाजारात आला तेव्हा लोकांकडे 28.8 चे, म्हणजे फोनच्या तारेवरून चालणारे संथ मोडेम होते. आठ जणांच्या फौजांतला प्रत्येक तिरंदाज या क्षणी कुठे उभा आहे हे त्या तारेतून पाठवणं शक्यच नव्हतं. म्हणून बनवणाऱ्यांनी युक्ती केली. प्रत्येकाच्या संगणकावर अख्खं युद्ध स्वतंत्रपणे चालवायचं, आणि तारेवरून फक्त हुकूम पाठवायचे: हा इकडे जा, ते झाड तोड, याच्यावर हल्ला कर. हुकूम तेच, क्षण तेच, नियम तेच, म्हणजे सगळीकडे युद्धही तेच घडणार. डावाच्या नोंदीतही मुख्यतः हे हुकूमच असतात. ती उघडली की संगणक सुरुवातीची मांडणी करतो आणि हुकूम पाळत युद्ध पुन्हा लढतो.

हे कळलं आणि मला एकदम आप्पा आठवले.

माझे वडील सांगलीचे. हळदीच्या पेठेत एका अडत दुकानावर हिशोब लिहायचे आणि संध्याकाळी बुद्धिबळ खेळायचे. सांगलीत याचं कुणाला नवल वाटत नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथं बुद्धिबळाचं जे वेड लावलं, त्या मातीतून भाग्यश्री साठे झाल्या, स्वाती घाटे झाल्या. आप्पा तसे कुणी नव्हते. गल्लीतल्या आणि क्लबातल्या बऱ्या खेळाडूंपैकी एक, तालुक्याच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीपर्यंत जाणारे. पण शंभर पानी वही सोबत असायची आणि प्रत्येक डावाची प्रत्येक खेळी तीत उतरवलेली. एका ओळीत पांढऱ्याची, एका ओळीत काळ्याची, अडत्याच्या कारकुनाच्या सुबक अक्षरात.

हरून आले की रात्री जेवणाआधी पट मांडायचे. वही उघडी ठेवून एकेक खेळी लावत जायचे. आई म्हणायची, 'अहो, झाला की आता तो डाव. ताट वाढलंय.' त्यावर 'हं'. मला लहानपणी हे फार दीनवाणं वाटायचं. हरलेला माणूस हार कुरवाळत बसलाय असं. आणि एक गोष्ट तर मला अजिबात कळायची नाही: मधेच कुठेतरी थांबून ते अख्खा पट फिरवायचे. स्वतःची सोंगटी पलीकडे, समोरच्याची आपल्याकडे. मग त्या माणसाच्या जागेवर बसल्यासारखे पुढे वाकून कितीतरी वेळ बघत राहायचे. एकदा मी विचारलं होतं, 'आप्पा, उलटा का केला?' ते म्हणाले, 'इकडनं कसा दिसतो ते बघतोय.' माझं समाधान झालं नव्हतं. जिंकून आले की मात्र ते सरळ जेवायला बसत, असं मला आठवतं.

खेळाच्या नोंदीतही पट फिरवता येतो. कोपऱ्यात दोन रंग असतात, समोरच्याच्या रंगावर टिचकी मारली की नकाशावरचं धुकं, म्हणजे न दिसणारा भाग झाकणारा पडदा, बदलतं आणि त्याला जे दिसत होतं तेवढंच आपल्याला दिसतं. मी माझं घोडं मिरवणं आणि मेंढ्या मोजणं पाहून पुरेसा खजील झालो होतो. आता त्याच्या बाजूनं बघायचं तर त्याची हुशारी बघावी लागणार, म्हणून टाळत होतो. पण टिचकी मारली.

विसाव्या मिनिटाला मी पाच नाइट घेऊन त्याच्या लाकूडतोडीच्या जागेवर गेलो होतो, हे मला आठवत होतं. तिथे भालेवाले दिसले म्हणून मी शहाण्यासारखा मागे फिरलो, हेही आठवत होतं. किंबहुना त्या डावातला तो माझा सर्वांत समंजस निर्णय, असं मी रात्री मनात नोंदवून ठेवलं होतं.

त्याच्या बाजूनं ते असं दिसलं. माझे पाच घोडे झाडीआडून निघाले तेव्हा त्याचा पडदा तिसरीकडेच होता. शिंग वाजल्यावर तो धावत आला आणि त्यानं गावाची घंटा वाजवली. सगळे गडी कामं टाकून टाऊन सेंटरकडे पळाले. नुसते लाकूडतोडे नाहीत, पलीकडच्या टोकाला सोनं खणणारे, शेतातले, सगळे, ज्यांना काहीही धोका नव्हता तेसुद्धा. टाऊन सेंटरमध्ये पंधराच जण मावतात. उरलेले दारात घुटमळत राहिले. त्याचे सात तिरंदाज नकाशाच्या मध्यावर होते, ते परत यायला निघाले आणि मधेच थांबले. बहुधा त्यानं चुकून दुसराच गट निवडला. आणि ते भालेवाले. ते दोन होते. अख्ख्या राज्यात दोनच. केव्हातरी कशासाठी तरी काढलेले, विसरलेले, लाकूडतोडीच्या कडेला बेवारशी उभे. माझ्या पाच नाइटांनी त्यांना उभं कापलं असतं आणि मग दारात घुटमळणाऱ्या गड्यांचं काय झालं असतं ते सांगायला नको.

मी त्या दोघांना पाहिलं आणि वळलो. माझे घोडे धुक्यात दिसेनासे झाल्यावर पुढची जवळपास चाळीस सेकंदं त्याच्या राज्यात काहीही चाललं नव्हतं. गडी आत. टाऊन सेंटरमधून नवा गडी निघत नव्हता. तो मी परत येण्याची वाट पाहत होता. मग हळूच त्यानं घंटा बंद केली, माणसं कामाला लावली, आणि त्यानंतर भालेवाले काढायला लागला. एक बराक, मग दुसरी. तेहतिसाव्या मिनिटाला टेकडीखाली मला जे भाले भेटले, त्यांतला पहिला भाला मी मागे फिरल्यानंतर निघाला होता.

हे मी तीनदा पाहिलं. चहा पार निवला होता.

मी भाल्यांना घाबरलो नव्हतो. मी 1240 या आकड्याला घाबरलो होतो. 900 गुणांच्या माणसाच्या गावात दोन भालेवाले दिसले असते तर मी म्हटलं असतं, दोनच आहेत. 1240 वाल्याच्या गावात दोन दिसले म्हणजे मागे वीस असणार, असं माझ्या डोक्यानं परस्पर ठरवलं. या खेळाचा प्रसिद्ध समालोचक टी-नाइन्टी 'हिडन कप' नावाची स्पर्धा भरवतो. तिथे जगातले अव्वल खेळाडू नाव लपवून, इतिहासातल्या कुणाच्या तरी टोपणनावानं खेळतात, आणि कोण कोणाशी खेळतोय हे त्या दोघांनाही सांगितलेलं नसतं. मला ती नुसती करमणूक वाटायची. आता वाटतं की नावाचं ओझं काय असतं हे त्या अव्वल लोकांनाही ठाऊक असणार.

याच जातीच्या दुसऱ्या एका खेळात, 'स्टारक्राफ्ट टू' मध्ये, असाच प्रकार फार मोठ्या व्यासपीठावर घडलेला आहे. गूगलच्या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीनं 'अल्फास्टार' नावाचा प्रोग्रॅम बनवला. 2018 च्या डिसेंबरात त्यानं 'माना' या नावानं खेळणाऱ्या पोलंडच्या व्यावसायिक खेळाडूला बंद दाराआड 5-0 हरवलं, त्याआधी 'टीएलओ' या जर्मन खेळाडूलाही 5-0. शिवाय प्रत्येक डावाला प्रोग्रॅमचा वेगळा अवतार, म्हणजे एजंट, म्हणजे कालची ओळख आज उपयोगाची नाही. 2019 च्या 24 जानेवारीला हे जगासमोर दाखवलं गेलं आणि त्याच दिवशी माना आणखी एक डाव थेट प्रक्षेपणात खेळला. तो त्यानं जिंकला. कसा, तर एका उडत्या वाहनात दोन जड लढाऊ यंत्रं भरून तो प्रोग्रॅमच्या तळामागे न्यायचा. प्रोग्रॅमची अख्खी फौज बचावाला उलटी फिरायची. ती पोचली की हा वाहन उचलून निघून जायचा. फौज पुन्हा पुढे निघाली की हा पुन्हा हजर. तेच, परत परत. पाच डावांत निर्दोष वाटलेल्या त्या गोष्टीला हे सुधरेना. खरं सांगायचं तर त्या दिवशीच्या एजंटवर बंधन जास्त होतं. माणसासारखं एका वेळी नकाशाचा एकच तुकडा बघत त्याला खेळावं लागत होतं. त्यामुळे मानाचा विजय मी अवास्तव फुगवणार नाही. पण 5-0 नंतर समोरच्याचे पाय मातीचे आहेत का हे बघायला जाणारा माणूस मला आवडतो. मी दोन भाले बघून परत आलो होतो.

हे वाचून कुणी म्हणेल, हरण्यातून शिकायला मिळतं, वा. मला हे वाक्य सोसत नाही. नुसतं हरण्यातून काडीचं शिकायला मिळत नाही. तसं असतं तर 2020 मध्येच मी जगज्जेता झालो असतो. ऑफिसातल्या एका ज्युनिअरचा मित्र 1900 गुणांचा आहे. त्याच्याशी एकदा हौसेनं खेळलो. चौदाव्या मिनिटाला मी संपलो. नंतर ती नोंद पाहिली, दोन्ही बाजूंनी पाहिली, आणि मला इतकंच कळलं की तो सगळीकडे होता आणि मी कुठेच नव्हतो. त्या पोरानं चांगुलपणानं अर्धा तास समजावलं. तो जे बोलत होता ते मराठीच होतं, तरी कळत नव्हतं. फार वरच्या माणसाकडून हरणं हे पावसात भिजण्यासारखं आहे, त्यातून पावसाबद्दल काही कळत नाही. आणि आपल्यापेक्षा कच्च्या माणसाकडून हरल्यावर तर राग इतका येतो की नोंद उघडायला हातच जात नाही. माझ्या उपयोगाची माणसं शंभर ते दोनशे गुणांनी वर असणारी. ती वेगळं काही करत नाहीत. मी करतो तेच करतात, फक्त मधे थांबत नाहीत. आणि घाबरतात तेव्हा, आता मी पाहिलंय, माझ्यासारखीच घंटा बडवतात.

एकदा एकानं मला हरवल्यावर मी मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं होतं, माझं काय चुकलं? तो स्पॅनिश बोलणारा कुणी असावा. त्यानं दोनच शब्द लिहिले: 'मोअर व्हिल्स'. गडी वाढव. मला तेव्हा तो उद्धटपणा वाटला होता.

त्या रविवारनंतर महिनाभर मी एकच ठरवलं. जिंकणं-हरणं बघायचं नाही. डाव झाला की टाऊन सेंटर किती वेळ रिकामं राहिलं तो आकडा वहीत लिहायचा, बस. मुलीनं एक वही दिली, मुखपृष्ठावर युनिकॉर्न आहे. पहिल्या आठवड्यात आकडा सुधारला आणि मी जास्तच हरलो, कारण सगळं लक्ष टाऊन सेंटरवर आणि तिकडे शत्रू मेंढ्या पळवून नेतोय. 1080 वरून 1020 झालो. बायकोनं विचारलं, 'आता हरल्यावर चिडत नाहीस, लिहीत बसतोस. बरं वाटतंय ना?' तिसऱ्या आठवड्यात आकडा चाळीस सेकंदांच्या आत आला आणि गुण पुन्हा चढले. 1100 च्या वर काही गेले नाहीत. पण आता निदान नाइट जन्माला येतात आणि मग मरतात.

मे महिन्यात सांगलीला गेलो तेव्हा आप्पांना तो डाव दाखवावा म्हणून लॅपटॉप घेऊन गेलो. आप्पा आता चौऱ्याहत्तरचे आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण पट अजून मांडतात. नोंद उघडायला गेलो तर उघडेना. मधल्या काळात खेळ अपडेट झाला होता. हुकूम सगळे जागेवर, पण नियमांत कुठेतरी काहीतरी बारीक बदललेलं: कुणाचा वेग, कुणाची किंमत. तेच हुकूम नव्या नियमांवर चालवले तर दुसऱ्याच मिनिटाला वेगळंच युद्ध होईल, म्हणून खेळ जुनी नोंद घेतच नाही. मी तोंडी सांगितलं. पाच घोडे, दोन भाले, घंटा. भडंगाच्या ताटलीतल्या दाण्यांनी मांडूनही दाखवलं. आप्पांनी खेळातलं काहीही न विचारता सगळं समजून घेतलं.

मग ते आत गेले आणि एक वही घेऊन आले. 1987 ची. पानं पिवळी, हळदीच्या दुकानातली म्हणून नव्हे, आपोआपच. 'ही उघडते,' म्हणाले. चेष्टेत म्हणाले की नाही ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही. एक डाव लावला. एकविसाव्या खेळीपाशी समासात पेन्सिलीनं लिहिलेलं: इथे भ्यालो.

'कशाला भ्यालात?'

त्यांनी पट न्याहाळला. 'आता दिसत नाही,' म्हणाले. 'तेव्हा काहीतरी दिसलं असणार.' मग दाणे एकेक करून तोंडात टाकत, माझे पाच नाइटसुद्धा खाऊन टाकत, त्यांनी विचारलं, 'तुझ्या त्या समोरच्यानं हा डाव परत बघितला असेल का रे?'

'त्यानं कशाला? तो जिंकला होता.'

'तू परत का फिरलास, ते त्याला कधीच कळणार नाही मग.'

'जिंकलेला डाव कोण परत लावतंय, आप्पा.'

ते काही बोलले नाहीत. वहीचं पान उलटून त्यांनी पुढचा डाव माझ्यासमोर धरला. खाली निकाल लिहिला होता, तो त्यांनी जिंकलेला होता. समासात आठ ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा होत्या.